पाचवं वाक्य

मंगळवार, ४
सगळ्यात आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची मावशी! पाहुणे यायचे साडेदहाला, ही साडेनऊलाच माझ्या ओट्याशी. तक्रार तिनंच केलेली ना — शेजारी नव्या इमारतीचा खड्डा खणतायत, त्यानं आपलं घर हादरतं म्हणून. मग आले घरं तपासणारे दोन साहेब. एक ढेरपोट्या, एक काडीपैलवान. किती दिवसांनी घरात माणसं! ठेवणीतल्या कपबशा काढल्या. साहेबांनी हातोडीनं टकटक करून खांब बघितले. "आजी, चहा फक्कड!" म्हणाला काडीपैलवान. सगळं ठीक असं लिहून दिलं नि गेले. मावशीचा जीव भांड्यात पडला.

कोपऱ्यातला खांब मात्र दिसला नाही त्यांना. पोपडे निघालेत त्याचे. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून कालच लेकाकडून लोखंडी कपाट त्याच्यापुढे सरकवून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

बुधवार, ५
नातीचा अभ्यास. इंग्रजी शब्द — क्रंची. माझी शाळा दुसरीतच सुटली, मला काय कळतंय! पण शब्द भारी आवडला. दाताला लागतं तेही क्रंची, कानाला ऐकू येतं तेही क्रंची. आपल्याकडे टोस्ट कुरकुरीत, काकडी करकरीत, पायाखाली वाळूची कचकच — ज्याला त्याला वेगळं नाव. त्यांचं एकातच भागतं. "गाजर क्रंची, आजी. केळं नाही हं!" केळं नाही, भात नाही, मऊ पडलेला टोस्टसुद्धा नाही. मोडायला हवं, आणि मोडताना वाजायला हवं. पाच वाक्यं लिहायची होती. चार खाण्यावरच झाली. पाचवं तिनं लिहिलं — आमचा खांब क्रंची आहे. हसून हसून पुरेवाट झाली माझी!

शनिवार, ८
शाळेतल्या बाईंनी पाचव्या वाक्यावर लाल काट मारली. "खांब कधी क्रंची असतो का?" नात फुरंगटली. मला ओढत नेलं, कपाटामागे हात घालायला लावला. "दाब." दाबलं. कचक् — बोटं आतच गेली! बाहेर आली ती वाळू नि गंज घेऊन.
हात धुतले. कुणाला बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलू?
नातीची खाट त्या कपाटाला लागूनच आहे.

मंगळवार, ११
दुपारी घरात कुणी काही खात नव्हतं. तरी वाजलं. दोनदा.
नातीला म्हटलं, आजपासून माझ्या खोलीत नीज. "का गं?" म्हटलं, मला सोबत हवी. थाप मारली.

बुधवार, १२
कपाटाचं दार लागेना. बिजागरीला तेल घातलं. तरी नाही.

गुरुवार, १३
लेकाला सांगितलं. सगळं. ओरडेल वाटलं, तर पांढराफटक पडला. "आई, शोभेपायी?" एवढंच म्हणाला. कपाट ओढायला गेला. हलेना. कपाट नि छताच्या मध्ये तळहात मावेल एवढी फट होती — आज बोट शिरत नाही. "बाहेर! सगळे बाहेर!" सून, नात, मी, होतो तशा निघालो. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितेय.

गुरुवार, संध्याकाळ
वरची मावशी खाली उतरत नाही. लेक तीनदा जाऊन आला, मी खालून हाका मारमारून थकले. खिडकीतून म्हणते, "साहेबांनी लिहून दिलंय ना ठीक म्हणून! तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."
साहेबांना फोन लावला. सोमवारी येतो म्हणाले.