मांजरीचा स्वभाव बदलला तेव्हा

आई, खालच्या मजल्यावरच्या मुलीचं शेवटचं इंजेक्शन काल झालं, आणि तुला सांगावंसं वाटलं.

आपल्या घरी लुगडी विणायच्या मागाच्या खोलीत मांजर होती. सुताला लावायच्या पिठाच्या खळीला उंदीर यायचे म्हणून बाबांनी पाळलेली. दिवसभर माझ्या पायात घोटाळणारी ती मांजर एकदा मागाखालच्या खड्ड्यात जाऊन बसली, ती निघेचना. उजेड नको, दूध नको. मी हात घातला तर दात लावले. रक्ताचा एक ठिपका आला. बाबा म्हणाले, हळद लाव. तू बॅटरी घेऊन आत वाकलीस. तिचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय. तू माझा हात नळाखाली धरलास आणि साबणानं धूत राहिलीस. मी रडत होते, काहून म्हणून विचारत होते. "माह्या मावशीची पोरगी अशाच मांजरीनं गेली वं," तू म्हणालीस. "सोभाव बदलला का मांजर बिमार समजाची." पातळ मागावर अर्धं सोडून तू मला सरकारी दवाखान्यात नेलंस आणि एकही सुई चुकू दिली नाहीस. मांजर त्याच आठवड्यात मेली. मी आज आहे ती तुझ्या त्या हट्टामुळे.

आता मी धरमपेठेत राहते. आमच्या जिन्याखाली एक रानटी मांजर असायची, कोणाला जवळ येऊ न देणारी. गेल्या महिन्यात ती अचानक लाडात आली, पायांना अंग घासू लागली. खालच्या मुलीला कोण आनंद! मी जिना उतरत होते. मांजरीचे मागचे पाय लटपटत होते, तोंडाला फेस होता, गिळता येत नव्हतं. मी मुलीला ओढेपर्यंत तिच्या बोटाला दात लागले. तिची आई म्हणत होती, जरासं तर खरचटलं आहे. मी ऐकलं नाही. बोट साबणानं बराच वेळ धुतलं आणि ऑटो करून दोघींना दवाखान्यात नेलं. लस आणि जखमेभोवतीचं वेगळं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. पुढे मांजर मेली, तपासणीत रेबीजच निघाला. मुलगी छान आहे. शाळेत डबा विसरते, जिन्यावरून उड्या मारते.

काल दवाखान्यातून ऑटोनं परतताना तिच्या आईनं विचारलं, "ताई, तुम्हाले हे सारं कसं माहीत?"

मी म्हणाले, कुठंतरी वाचलं होतं. तू गेल्यापासून तुझं नाव काढलं की रडू येतं; तेव्हा काढलं असतं तर ऑटोतच रडले असते. इथे कागदावर जमतंय, कारण हा कागद कुणाच्या हाती जाणार नाही.