चोख चालणारी नाडी

तीर्थस्वरूप ताईला धाकट्याचा नमस्कार, आणि तिच्या गुडघ्याला वेगळा.

गुडघा आता वाकतो का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे, तसे ठीक आहोत. पत्र पाहून घाबरू नकोस (फोन का केला नाही, तर आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरात आधी पोचतं). तुझी भावजय मजेत आहे. दुकानावरून घरात यायचा जिना चढताना हल्ली मधल्या पायरीवर टेकते, पण तिथून रस्ता छान दिसतो असं तीच सांगते.

तर मुद्दा. मुद्दा माझ्या हृदयाचा. मी पडलो घड्याळजी. घड्याळ आडवं ठेवा, उभं टांगा, उन्हात न्या, थंडीत न्या, ते एकसारखंच चाललं पाहिजे, नाहीतर ते माझ्या टेबलावर येतं. (मी किल्लीच्या घड्याळांबद्दल बोलतोय. बॅटरीच्या डबड्यांना मी हात लावत नाही, दुकानावर तशी पाटीच लावलेली.) गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा सेकंदकाटा तपासताना सहज स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं आणि ताई, मला दरदरून घाम फुटला. खुर्चीत बसलो की सत्तर, जिना चढलो की शंभराच्या वर, घरमालक दारात दिसला की त्याच्याही वर! (आणि भाडं मी वेळेवर देतो हं.) असलं घड्याळ कुणी आणलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, बाबा रे, मोडीत घाल.

मग मी स्वतःला दुरुस्तीला घेतलं. जिना अगदी हळूहळू चढायचा, बातम्या ऐकायच्या नाहीत, शेजारच्या शिंप्याशी वाद घालायचा नाही. (तो बिचारा हवालदिल झाला. मी रुसलोय असं समजून रोज चहा पाठवायला लागला.) उपयोग शून्य. नाडी वाढेल या धास्तीनेच ती वाढायची. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर, बोट मनगटावरच.

आणि घरात ही! हिची नाडी पाहिली आणि मी थक्क झालो. बसलेली असू दे, धुणं पिळून येऊ दे, भरलेली बादली घेऊन जिना चढू दे, दोनचार ठोके इकडेतिकडे, बस्स. याला म्हणतात चोख काम! मी म्हटलं, अगं, दुकानातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा तू भारी आहेस. एवढी लाजली की काय सांगू. (तेव्हासुद्धा वाढली नाही, मी मोजत होतो.) त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाला मी हिची नाडी सांगत सुटलो.

शेवटी काल हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या, पायाखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर मला पळवलं आणि म्हणाल्या, हृदय उत्तम आहे. मी म्हटलं, अहो, पण ते मागेपुढे चालतं! बाई खूप हसल्या. म्हणाल्या, तसंच चाललं पाहिजे. पाय चालायला लागले की त्यांना रक्त जास्त लागतं. मग हृदय ठोके वाढवतं आणि एकेका ठोक्याला जास्त रक्तही ढकलतं. परत येणारं रक्त वाढलं की ते जास्त ताणून भरतं आणि तेवढ्याच जोरानं पुढे लोटतं. बसलात की पुन्हा कमी. मी म्हटलं, म्हणजे पाहुणे वाढले की पातेलंही मोठं आणि हातही भराभर. बाई म्हणाल्या, तसंच समजा.

मी इतका खूश झालो की उठता उठता हिची बढाई मारली. म्हटलं, आमच्या घरात याहून सरस हृदय आहे, जिना चढला तरी हलत नाही. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जिन्यात मधे बसतात का हो?"

ताई, तिथून घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

असो. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – हिला लगेच घेऊन या, असं बाई म्हणाल्या. मागणी वाढली तरी ठोके वाढत नसतील तर एकेका ठोक्यात जास्त ढकलून हृदय ते किती भागवणार? म्हणून तर हिला दम लागतो. आणि ही यायला तयार नाही! म्हणते, "तुम्हीच तर गावभर सांगितलंत, माझी नाडी चोख आहे म्हणून." तू ये. वन्संचा शब्द ती मोडत नाही. गुडघा दाखवायचाय म्हण, तुला ती एकटीला सोडायची नाही. बाईंना मी सांगून ठेवलंय. मला फार भीती वाटते गं.

आणखी एक. तपासणीत तसंच निघालं तर छातीत एक छोटं यंत्र बसवतात म्हणे. माणूस चालतोय हे ओळखून ते ठोके वाढवतं. बॅटरीवर चालतं. आज सकाळी मी दुकानावरची ती पाटी उतरवली. ही मधल्या पायरीवर बसून बघत होती. कशाला काढलीत, म्हणाली. म्हटलं, पुसायला. लवकर ये.