पाच शब्द आणि पेशींची वीजघरं

३ मार्च
डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, पाच मिनिटांनी परत विचारले. दोनच आठवले. चोवीसला पुन्हा चाचणी. त्यात नापास झालो तर औषधाच्या दुकानाचा काउंटर मुलीकडे. चाळीस वर्षं गोळ्या देतोय मी!
वाचलं. दोष मायटोकॉन्ड्रियाचा. मेंदूच्या पेशींतली ही वीजघरं वय झालं की कमी वीज बनवतात. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे, फक्त लोडशेडिंग चालू आहे.
निघताना डॉक्टरांच्या कागदावरून शब्द टिपून आणले: छत्री, गाजर, खिडकी, घोडा, निळा. डॉक्टर आळशी आहेत, बदलणार नाहीत. ही फसवणूक नव्हे, पूर्वतयारी.

५ मार्च, सकाळी ६
व्यायामाने नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात. रोज दहा वेळा जिना.

सकाळी ६.२०
दोनदा झाला. गुडघ्यांची वीजघरं बंद पडलेली दिसतात.

१० मार्च
बिस्किटं कायमची बंद. दुपारी चार खाल्ली, पण उभ्याने.
शब्द तोंडपाठ: छत्री, गाजर, खिडकी, गाढव, निळा.

१४ मार्च
समोरच्या शिक्षिकाबाई गोळ्या परत घेऊन आल्या. थायरॉइडच्या मागितल्या, मी डायबिटीसच्या दिल्या म्हणे. रंग वेगळा दिसला म्हणून घेतल्या नाहीत. मुलगी पांढरीफटक पडली. मी म्हणालो, कंपन्या हल्ली पाकिटं सारखीच काढतात. फार भीती वाटली.
उद्यापासून जिना वीस वेळा.

१९ मार्च
हल्ली दुकान मुलगीच उघडते. बरंच आहे, मला तयारीला वेळ मिळतो. तिला शब्द म्हणून दाखवले: छत्री, काकडी, दरवाजा, गाढव, निळा. तिने विचारलं, वहीत ताडून बघू का? म्हटलं, गरज नाही.

२४ मार्च, दुपारी
डॉक्टर शब्द सांगत होते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. पाठ असताना ऐकायचं कशाला? वेळ झाल्यावर धडाधड म्हटले. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. दोन बरोबर. मी भडकलो, शब्द बदलणं हा अन्याय आहे. ते म्हणाले, मागच्याच वेळचे आहेत.

संध्याकाळी
तीन तारखेचं पान काढलं. अक्षर माझंच.
मग उठलो आणि चाव्यांचा जुडगा स्वतःहून मुलीच्या हातात दिला. म्हटलं, काउंटर तुझा. ती रडायला लागली. म्हणाली, बाबा, या घराच्या आहेत. दुकानाच्या तुम्ही मला चौदा तारखेलाच दिल्यात.
चौदाचं पान दोनदा वाचलं. तसं काही लिहिलेलं नाही.