चॅप्टर अजून पास नाही

फ्लॅगस्टाफ, अ‍ॅरिझोना
१३ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप जगन्नाथकाकांस,
थंडीने आखडलेली पाठ वाकेल तितकी वाकवून ज्ञानदाचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमचं सरपंचपद, दोन्ही ठणठणीत असतील असं धरून चालते.

आधी खुलासा. "चॅप्टर पास झाला की काम फत्ते" असं मी फोनवर म्हणाले, ते प्रबंधाबद्दल नव्हतं. पेढे वाटलेत ते वाटलेत. इथल्या नवाहो आदिवासींच्या ग्रामपंचायतीला चॅप्टर म्हणतात (आपल्याकडे बेरकी माणसाला म्हणतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही). त्यांच्या विहिरींचं पाणी तपासल्याशिवाय माझी पीएचडी नाही, आणि त्यांच्या ठरावाशिवाय विहिरीला हात लावायचा नाही. गंमत अशी, की ऐंशीएक वर्षांमागे एका सरकारी अधिकाऱ्याने मेंढ्यांची निगा शिकवायला या बैठका सुरू केल्या. पुढे सरकारनेच मेंढ्या कमी करायचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी याच बैठकांत बसून सरकारला सुनावलं. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

तर काल सभेला गेले. गणपूर्तीला पंचवीस मतदार हवेत, होते चोवीस (मला धरत नाहीत, विचारून पाहिलं). मागच्या दोन सभा अशाच बुडालेल्या, त्यामुळे मला राहवेना. सेक्रेटरी बर्निसबाईंना मी तुमची युक्ती सांगितली: सभा तहकूब करा, अर्ध्या तासाने तिथेच भरवा, मग गणपूर्ती लागत नाही. त्यांनी ते नवाहो भाषेत सगळ्यांना सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मात्र मनापासून विचारलं, "त्या अर्ध्या तासात न आलेली माणसं कुठे जातात?" युक्ती तुमची, तेव्हा उत्तरही तुमचंच. तुम्हाला सुचलं तर कळवा.

तासाभराने मेंढ्या कोंडून पंचविसावे आजोबा आले आणि माझा विषय निघाला. त्याच आजी म्हणाल्या, "तुझ्या गावच्या विहिरीत काय निघालं?" मी म्हटलं, ती कधी तपासली नाही. मग विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि सगळ्यांबरोबर मीही मटणाचा रस्सा खाल्ला (काकूला सांगू नये). वाईट वाटलं, काका. पण राग आला नाही, याचंच नवल वाटतंय.

काकूस नमस्कार.
तुमची,
ज्ञानदा

ता. क. आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि जे निघेल ते कळवा.

आणखी एक ता. क. पाणी तपासायला गावाची हरकत नाही, असा ग्रामसभेचा ठरावही आधी हवा. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ नका, माणसं खरोखर एका जागी बसवा. त्यात वेळ जाऊन माझी पुढची सभा हुकली तरी चालेल. कोण कोण आलं होतं, हे इथल्या त्या आजी मला एकेकाच्या नावानिशी विचारणार आहेत.