शोफेर

बाबा, आज नातीने मोबाईलवर तुझा शब्द शोधून दिला. मी सहज म्हटलं होतं, की आमचे बाबा शोफेर होते. तिला वाटलं मी तुला मोठेपणा देतेय, कारण तिच्या लेखी शोफर म्हणजे पांढरे हातमोजे घालून साहेबासाठी मोटारीचं दार उघडणारा. मग कळलं ते असं : हा शब्द मुळात फ्रेंचांचा, आणि अर्थ 'तापवणारा'. वाफेच्या इंजिनात कोळसा ढकलणारा तो पहिला शोफेर. पुढे मोटारी आल्या, त्याही आधी तापवाव्या लागत, म्हणून मोटार हाकणाराही तोच झाला. इंग्रजांनी त्याला टोपी घालून श्रीमंताच्या दारात उभा केला. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला तेव्हा टोपी वाटेत कुठेतरी पडली असणार, कारण आपल्यात चाकामागे बसेल तो शोफेर, मग गाडी बड्या भाटकाराची, जमीनदाराची असो की खाणीवरच्या मातीची. आणि हे ऐक, फ्रान्सात कधीकाळी दरोडेखोरांनाही हेच नाव होतं. पैसा कुठे पुरलाय ते सांगावं म्हणून ते लोकांचे पाय निखाऱ्यावर धरत! नात म्हणाली, "आजी, पणजोबांचे नातलग बघ कसले!" मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तापवणारा तर तू होतासच. पोर्तुगीज गेले, शाळा मराठी झाल्या, कचेरीतले लोक ड्रायव्हर म्हणू लागले. तू मात्र शोफेरच राहिलास. थंडीत पहाटे गाडी धरत नसे, म्हणून न्हाणीतल्या भाणातलं, त्या मोठ्या तांब्याच्या हंड्यातलं कढत पाणी कळशीने नेऊन तू तिच्या रेडिएटरात ओतायचास. आई दारातून ओरडते, "पोरां थंड पाण्यान न्हातत आणि माझ्या सवतीक ऊन पाणी!" तू म्हणतोस, "पोरां ढकलल्यार चलतत गो, ही चलना." लाटंबार्से ते म्हापसा अशी ती कारेर. आपण बसला कारेर म्हणायचो, तेही पोर्तुगिजांचंच देणं. तुझी कारेर घड्याळापेक्षा माणसांवर चालायची. कुणाची औषधाची बाटली, कुणाच्या लेकीला निरोप, कुठल्या म्हातारीची काजूची पाटी अजून डोंगरावरून उतरायचीय, की गाडी उभी. आत बसलेले कुरकुरत, पण उद्या आपल्यासाठीही थांबेल हे प्रत्येकाला ठाऊक असे.

माझ्यासाठी पेडण्याहून स्थळ आलं ते दिवस. मुलगा कचेरीत कारकून, मला फार हवा होता. मध्यस्थाने तिकडे आपल्या घराचं वर्णन जरा फुगवूनच केलं होतं, तू शोफेर आहेस हे गाळून. बघण्याच्या आदल्या दिवशी मी म्हापशाहून बांगड्या घेऊन तुझ्याच गाडीने परत येत होते. शेजारी एक परकी बाई, नाकात ठसठशीत नथ, बोलण्यात पेडण्याचा हेल. तू तिसऱ्यांदा गाडी थांबवलीस तशी ती मला म्हणाली, "हो शोफेर गाडी चलयता काय सगळ्यांचो संसार करता गो? तुमच्या वळखीचो?" पेडण्याची म्हणजे उद्याच्या पाहुण्यांच्या गावची. मी म्हटलं, "ना गे. माझ्या वळखीचो न्हय."

समोरच्या आरशात तुझे डोळे वर झाले. सगळी गाडी मला जन्मापासून ओळखणारी; कुणाला खोकला आला, कुणी पदर तोंडात कोंबला. तू मात्र शांतपणे विचारलंस, "बाय, तुमी खंय उतरतल्यात?" मी मान खाली घालून गावाचं नाव सांगितलं. ती बाई डिचोलीला उतरून गेली. मला वाटलं, आता घरी वाजणार. कसलं काय! रात्रीच्या जेवणाला तू मला म्हणतोस, "बाय, तुमकां आमटी वाडूंक सांगू?" आई तुझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलासोबत त्याची आत्या आली. तीच नथ! ओट्यावर इस्त्रीचा सदरा घालून उभ्या असलेल्या तुला तिने पाहिलं, मग चहाचा ट्रे घेतलेल्या मला. "म्हणजे शोफेर तुमीच! आणि ह्या चेडवाक तर काल तुमची वळख नाशिल्ली." मी ट्रे तिथेच ओट्यावर टेकवला. लग्न आता मोडलंच. तू हसलास आणि म्हणालास, "तिका गाडी लागता हो. गाडी लागली की ती बापायकसुद्धा वळखना." आत्या इतकी हसली की नथ सांभाळावी लागली. मला तिथेच पसंत करत म्हणाली, "सगळ्यांसाठी थांबता त्या माणसाची धुव आमकां जाय." झालं लग्न. सुखाचं झालं. सासरी मला कायम खिडकीची जागा आणि हातात लिंबू मिळालं, आणि बाबा, मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही.

तुला जाऊन आता तीस वर्षं होतील. हे पत्र घडी करून कपाटात जाईल. तू त्या दिवशी रागावला असतास तर बरं झालं असतं, मला माफी मागायला जागा मिळाली असती. तू हसण्यावारी नेलंस आणि माझं तोंडच बंद झालं. मला तुझी लाज वाटली होती, बाबा. एवढं एक वाक्य लिहायचं म्हणून मी सकाळी बसले, आणि धीर होईना म्हणून फ्रान्सपर्यंत फिरून आले.