साडेसात पाय आणि एक करा

टोकावडे
१२ फेब्रुवारी १९९९

चि. रविंद्रास,
पारूबायचे अनेक आशीर्वाद.

किन्हवलीला जाऊन तुझी सोयरीक पक्की करून आलो. लग्न वैशाखात धरलंय. माधुरी मला आवडली. तिनं माझ्या पायाकडे एकदा नीट बघून घेतलं, मग सरळ ब्लाउजच्या बाह्यांवर आली. तिचे ब्लाउज मीच शिवणार.

इथं गुरुवारची मजा चाललीय. टीव्हीवर 'साडेसात पाय' लागतं, बघतोस का? घरात माणसं चार, पाय साडेसात. मामा आंधळा, पण झाकण उघडायच्या आधी डब्यातली भाजी सांगतो. आजोबा बहिरे, त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. आई तेवढी धडधाकट. आणि बकुळ, माझ्यासारखीच डाव्या पायानं अधू, पण जीभ दोन पायांवर पळते. कालच्या भागात एसटीत अपंगांच्या जागेवर एक धडधाकट बाप्या झोपेचं सोंग घेऊन बसलेला. बकुळनं वाकून मायेनं विचारलं, डोळे कधीपासून गेले हो तुमचे? टीव्ही बघायला भिमावहिनीच्या ओटीवर सगळी आळी जमते. नामा दुकानदार हसून हसून ओटीवरून खाली गेला. मी पदर तोंडात कोंबला. आता नामा मला बकुळमॅडम म्हणतो, मी त्याला आंधळा मामा म्हणते, कारण मापात त्याला कमी-जास्त दिसत नाय.

लग्नात मला काय काम ते कळव. एकुलती एक बहीण आहे मी तुझी. विसरलास तर कान पिळीन.

आहे तेवढी माया पुरवून वापर,
तुझी
पारूबाय

*

आसनगाव
२० फेब्रुवारी १९९९

ती. पारूबाय हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इथे खोलीवर ती मालिका मुद्दाम पाहिली. संताप आला. माणसाच्या व्यंगावर पोट धरून हसायचं म्हणजे काय? माझ्यासोबत राहणारा वाल्मिक खो खो हसत होता, त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही. बाय, तू भोळी आहेस. ती माणसं मालिकेला हसतात असं तुला वाटतं, ती तुला हसतात. मी टीव्हीवाल्यांना सडकून कार्ड टाकलंय.

लग्नाचं असं, की देवजीकाकांच्या मते करवली म्हणून करा त्यांच्या मुलीने, जनाने धरावा. पाण्याने भरलेला करा घेऊन नवऱ्याच्या मागे चालायचं, मांडवात तासभर उभं राहायचं, आणि पाणी सांडलं की अपशकुन म्हणून बायका कुजबुजणार. तुलाच त्रास नको, एवढाच हेतू. बा असते तर गोष्ट वेगळी, आता काकांचा शब्द मोडवत नाही. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो.

रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस,
तुझा
रविंद्र

*

टोकावडे
१२ मार्च १९९९

चि. रविंद्रास आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मला नाय, टीव्हीला. मागच्या गुरुवारी मालिका संपल्यावर प्रेक्षकांची पत्रं वाचली, त्यात तुझं पहिलं. निवेदिकेनं गळा काढून वाचलं, की आसनगावचे रविंद्र कळवतात, माझी बहीण पारू, राहणार टोकावडे, ही जन्माची दुर्दैवी असून तिच्यासारख्यांची ही क्रूर थट्टा थांबवा. गावाचं नाव घालायची काय गरज होती रे शहाण्या?

ओटीवरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. भिमावहिनीनं टीव्ही बंद केला. काल गेले, तर सगळे शेतीचा कार्यक्रम बघत बसलेले. भाताच्या खाचराकडे ढुंकून न बघणारा नामासुद्धा खतांची माहिती ऐकत होता. मला पारूताई म्हणाला आणि खाली मान घातली. बकुळमॅडम संपली.

तीस वर्षांत मला दुर्दैवी कुणी म्हटलं नव्हतं. लंगडी म्हणायचे. लंगडीला माझ्याकडे उत्तर होतं, म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांपर्यंत जायचं. दुर्दैवीला काय उत्तर देऊ? ते मला हसत नव्हते रे, मी त्यांच्यात बसून हसत होते. ती जागा तू घालवलीस.

आणि टीव्हीवाल्यांवर एवढा तापलास, देवजीकाकांवर किती तापलास ते पत्रात कुठं सापडलं नाय. दोनदा वाचलं. बकुळवर लोक हसत असतील, पण ती मधोमध उभी असते. तिला कुणी पहिल्या रांगेत खुर्ची देऊन बसवलं नाय. मला वाईट वाटलं, ते लपवत नाय. तुला अंगाखांद्यावर खेळवलं ते काय पाहुणी म्हणून यायला?

माधुरीचे ब्लाउज तयार आहेत, कुणाबरोबर तरी पाठवीन. जनाचं माप पाठव, करवलीला नवा लागेल.

राग आहे, लोभ त्याच्याखाली दबलाय,
पारू

*

आसनगाव
२७ मार्च १९९९

ती. पारूबाय हिस साष्टांग, या वेळी खरोखरचा.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. गुरुवारी वाल्मिकने सहज विचारलं, करवली कोण? मी जना म्हणालो. त्याने टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला. त्या आवाजात बसवेना. दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेतली आणि कल्याणवरून मुरबाडची एसटी धरून थेट काकांकडे गेलो. तुझ्याकडे वळायचं तोंड नव्हतं.

काकांना सांगितलं, करा बाय धरेल, नाहीतर कोणीच नाही. ते तासभर अपशकुनाचंच घोकत बसले. जनाच मध्ये पडली, मला तसंही उभं राहायचा कंटाळाच आहे म्हणाली. शेवटी काकांनी एक अट घातली, करा अर्धाच भरायचा, म्हणजे सांडायचं भय नको. एवढं मान, बाय.

टीव्हीवाल्यांना दुसरं कार्ड टाकलंय. बहीण दुर्दैवी नाही, ब्लाउज शिवते, आणि माझ्यावर चिडली आहे, एवढंच लिहिलंय. चुकलो गो.

कान पिळायला ये,
रविंद्र

*

टोकावडे
९ एप्रिल १९९९

चि. रविंद्रास पोटभर आशीर्वाद.

दुसरं कार्ड काही वाचलं नाय त्यांनी. चांगल्या बातमीला टीव्हीवर जागा नसते. काल मीच ओटीवर गेले, शेतीचा कार्यक्रम बदलून मालिका लावली आणि सगळ्यांच्या आधी हसले. हसण्यासारखं अजून काही झालंही नव्हतं. नामानं आधी माझ्याकडे बघितलं, मग भिमावहिनीकडे, मग त्याचं त्यालाच आवरेना. निघताना म्हणाला, बकुळमॅडम, सावकाश.

देवजीकाकांना नमस्कार सांग आणि सांग, की अर्धा करा चालणार नाय. मला माहीत आहे, कारण ओटीवर जात नव्हते त्या सगळ्या गुरुवारी मी तांब्यात पाणी घालून, वर नारळ ठेवून अंगणात फेऱ्या मारत होते. तू जनाचं नाव कळवलं होतंस तरी मारत होते. अर्धा तांब्या माझ्या चालीबरोबर डचमळतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. काठोकाठ भरला की थोडं सांडतं आणि बाकीचं शहाण्यासारखं गप्प राहतं.

तेव्हा करा काठोकाठ भरा. सांडलंच, तर करवली नवऱ्याच्या मागे असते, पाणी तुझ्याच पाठीवर येईल. हसायची सगळ्यांना मोकळीक आहे. टीव्हीवाल्यांना मात्र कळवू नको.

भिजायच्या तयारीनं बोहल्यावर उभा राहा,
तुझी करवली
पारूबाय