पवनचक्कीविरुद्ध दोनशे बारा नागरिक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं. सकाळी चालायला जायचं. मनात शंका आणायची नाही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या येणार आणि आमचं कोळशाचं वीज केंद्र बंद पडणार, अशी आवई उठली आहे. ती मोडून काढायची जबाबदारी माझ्यावर. जनसंपर्क अधिकारी म्हणून बावीस वर्षं नुसते रक्तदान शिबिरांचे फोटो काढले. आता कुठे चीज झालं. साहेब म्हणाले, लोकांचा विरोध दिसला पाहिजे. मी विचारलं, लोकांचा विरोध आहे का? ते म्हणाले, तेच तर तुम्हाला करायचंय.

५ मार्च
चालायला गेलो. फाटकापर्यंत. खोकला आला म्हणून परत. शेजारी सेंट फार मारतात.

ही म्हणाली, खिडकीच्या कट्ट्यावर जरा बोट फिरवून बघा. फिरवलं. काळं झालं. धूळ कुठे नसते? हिने पांढऱ्या चादरी कधीच काढून टाकल्या, आता घरात सगळं चॉकलेटी. मळखाऊ रंग दिसायलाही बरा असतो. उगाच केंद्राच्या चिमणीच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही.

११ मार्च
संघटना स्थापन झाली. ‘शांत झोप नागरिक मंच’. अध्यक्ष अजून नाही. सदस्य अजून नाहीत. लेटरहेड तयार आहे. मुख्य मुद्दा: पवनचक्कीच्या घरघरीने नागरिकांची झोप उडेल. साहेबांनी पाठ थोपटली. त्यांचं लक्ष फोनमध्ये होतं, पण थोपटली.

चालणं: उद्यापासून.

१९ मार्च
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आमच्याच केंद्रात टर्बाइनवर फिटर, एकोणीस वर्षं झाली. मीच चिकटवला. एवढ्या वर्षांच्या आवाजाने डावा कान गेलाय, त्यामुळे माणसाच्या उजवीकडे बसत नाही, डावीकडेच बसतो. मला फार मानतो.

एक फॉर्म घेऊन आला. केंद्रातल्या कामगारांसाठी सरकारने पवनचक्की दुरुस्तीचं प्रशिक्षण काढलंय. साठ जागा. पास झाल्यावर कायमची नोकरी. वय पंचेचाळीसच्या आत हवं. शेवटची तारीख ३० मे. त्याला ९ जूनला पंचेचाळीस पूर्ण होतात, म्हणजे त्याच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी. त्याने विचारलं, भाऊजी, भरू का? तुम्ही सांगाल तसं.

मी हसलो. म्हटलं, घाई कसली? साहेबांना विचारून सांगतो.

२० मार्च
साहेब म्हणाले, फॉर्म भरणाऱ्यांची यादी वर जाणार आहे. ज्यांचा कंपनीवर विश्वास नाही त्यांच्यावर कंपनीने का ठेवावा? शिवाय केंद्र अजून चाळीस वर्षं कुठे जात नाही. मी विचारलं, हे लेखी मिळेल का? ते म्हणाले, तुम्हीच लिहा की.

म्हणून लिहिलं. ‘चाळीस वर्षांची हमी’, दोन रंगांत पत्रक. लिहिताना थोडी धाकधूक होती, पण छापून आल्यावर मलाही पटलं. छापलेलं वाचलं की माणसाला धीर येतो.

संध्याकाळी मेहुण्याला एक प्रत दिली. त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, मग प्रश्नच मिटला. कोरा फॉर्म आमच्याकडेच विसरून गेला. हिने तो टीव्हीखालच्या कप्प्यात जपून ठेवला. कशाला, देव जाणे.

२ एप्रिल
साहेबांच्या बंगल्याच्या छतावर सोलर पॅनेल बसवताना पाहिली. चौदा. विचारलं नाही. शत्रूला जवळून ओळखावं, असं धोरण असणार. मोठ्या माणसांचं आपल्याला कळत नाही.

१० एप्रिल, सायं. ६
मंचाला सदस्य मिळाले! दोनशे बारा! पाळी बदलताना फाटकावर टेबल टाकलं. हजेरीची सही केली की शेजारीच दुसरी सही. कोणी वाचायला थांबलं नाही, घरी जायची घाई. एकाने तेवढं विचारलं, कशाची सही? मी म्हटलं, झोपेची. त्याने दोन केल्या.

एका दिवसात जनमत तयार करणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

२६ एप्रिल
जनसुनावणी ६ मेला. मंचातर्फे बोलायला एक साधा, सच्चा नागरिक हवा. साहेब म्हणाले, घरचाच बघा, ऐनवेळी फिरायला नको. मेहुणा लगेच हो म्हणाला. मी त्याला चार वाक्यं पाठ करून दिली. तो म्हणाला, भाऊजी, पण मला तर झोप चांगली लागते. मी म्हटलं, आता लागते रे. पुढचा विचार कर.

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडी जरा जास्तच आपटली.

६ मे
सुनावणी झाली. एकंदरीत ठीक.

एक किरकोळ गडबड. नागरिकांची यादी करताना ऑफिसातल्या टाइपिस्टने हजेरीपुस्तक जसंच्या तसं उतरवून काढलं. पाळी, टोकन नंबर आणि शेरा या रकान्यांसकट. मीही घाईत मंचाचा शिक्का मारून दिली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा पुसून विचारलं, हे नागरिक अ, ब आणि क पाळीत राहतात का? मग म्हणाल्या, यातले अकरा नागरिक रजेवर आहेत, ते नागरिकत्वातूनच रजेवर आहेत का? हॉल हसला. एका नावापुढे ‘मयत’ होतं. ते त्यांनी वाचलं आणि पान उलटलं. मी मात्र त्या माणसाला ओळखत होतो. कोळसा उतरवायच्या विभागातला. माझ्याच हाताने त्याचा फोटो काढला होता, रक्तदानात.

मग मेहुणा उभा राहिला. बाई नेमक्या डावीकडे. त्यांनी तीनदा विचारलं, तुमचं घर टेकडीपासून किती लांब? त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, मला आवाजाचा फार त्रास होतो. बाईंनी विचारलं, कोणत्या कानाला? हॉल परत हसला. मेहुणाही हसला, सगळे हसतायत म्हणून. येऊन माझ्या डावीकडे बसला आणि विचारलं, बरोबर बोललो ना? म्हटलं, उत्तम.

नंतर बराच वेळ मान वर होईना. त्या हॉलच्या खुर्च्या वाईट आहेत.

७ मे
साहेब अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, विरोध रेकॉर्डवर आला ना, बास. चार महिने फायली फिरतील, आपल्याला तेवढेच हवेत. तेवढेच कशासाठी, हे विचारायचं राहिलं.

२२ मे
आतापर्यंत बावन्न जणांनी फॉर्म भरले म्हणे. ज्याने झोपेच्या दोन सह्या केल्या, तोही त्यात आहे. माणसात निष्ठा राहिली नाही.

जेवताना हिने तोंड उघडलं. म्हणाली, त्याला फॉर्म भरायला सांगा. दोन मुली आहेत त्याला. मी म्हटलं, मी कुठे अडवलंय? त्याचं तो बघेल. ती म्हणाली, तो त्याचं कधीच बघत नाही, तुमच्याकडे बघतो. मी सांगितलं तर म्हणतो, भाऊजींनी सांगितलं तर भरतो. मग माझ्या ताटाकडे न बघता उठली. पाणी मीच घेतलं.

संकल्प: घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही.

३० मे, दु. ४.२०
मेहुण्याचा फोन. फॉर्म घेण्याची खिडकी पाचला बंद होते. तो तिथेच बाहेर उभा होता, फॉर्म नवीन घेतला होता, भरलाही होता. म्हणाला, ताई फार मागे लागली म्हणून आलो. देऊ का आत? तुम्ही सांगाल तसं.

साहेब समोर बसले होते. भुवई उचलून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, केंद्र कुठे जात नाही, माझा शब्द आहे तुला. तो म्हणाला, मग झालं, आणि उगाच त्रास दिला म्हणून माफी मागितली.

दोन ग्लास पाणी प्यायलो. पाच वाजून पाच मिनिटांनी बरं वाटलं. आता विषयच संपला.

९ जून
मेहुण्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. त्याच्या घरी गेलो. पत्रक त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून दारामागे चिकटवलंय. धाकटीने मला वाचून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं, हात बांधून. हिने तेवढ्यात चपला घातल्या.

येताना ही रस्ताभर चार पावलं पुढे चालली. ऊन फार होतं.

१७ जून
केंद्र ३१ ऑगस्टला बंद.

सकाळी अकराला कळलं. कंपनी स्वतःच सोलरमध्ये उतरते आहे, नवा विभाग काढलाय. प्रमुख: साहेब. ‘स्वच्छ ऊर्जा हा आमचा पहिल्यापासूनचा ध्यास’, या विषयावर दुपारपर्यंत प्रेसनोट द्या म्हणाले. मी विचारलं, आणि चाळीस वर्षं? साहेब म्हणाले, कोण म्हणालं चाळीस वर्षं? त्या पत्रकावर सही कोणाची आहे बघा.

बघितली. माझी.

नव्या विभागात माझ्या जागेबद्दल विचारलं. जनसंपर्क बाहेरची एजन्सी बघणार आहे. साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. या वेळी फोन हातात नव्हता.

प्रेसनोट दोन वाजता दिली. चांगली झाली.

१९ जून
मेहुणा येईल, ओरडेल, म्हणून तीन उत्तरं तयार ठेवली. एक: धोरण वरून बदललं. दोन: मीही फसलो. तीन: माणसाने स्वतःची अक्कल वापरावी. तिसरं हिला म्हणून दाखवलं नाही.

आला नाही.

२१ जून
आला नाही. हीसुद्धा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. आज काम नव्हतं.

मला भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही.

२४ जून
आज आला. ओरडला नाही. तीन उत्तरांपैकी एकही लागलं नाही. म्हणाला, विशेष बाब म्हणून प्रशिक्षणाचे उशिराचे अर्ज घेतायत, वयातही सूट देतील कदाचित. भाऊजी, तुमचं लिहिणं चांगलं आहे, तेवढा अर्ज भरून द्या.

त्या कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून भरला. नाव, वय, अनुभव, सगळं भराभर झालं. शेवटचा रकाना: विलंबाचे कारण. तिथे पेन थांबलं. मी म्हटलं, ‘चुकीच्या माहितीमुळे’ असं लिहू या. तो म्हणाला, मग ते विचारतील, माहिती कोणी दिली? नको. लिहा, आळस. मी म्हटलं, अरे, एकोणीस वर्षांत तुझा एक लेटमार्क नाही. तो म्हणाला, लिहा हो, रांग वाढतेय.

लिहिलं. त्याने सही केली.

खिडकीतल्या कारकुनाने वाचलं आणि मोठ्याने म्हणाला, आळशी माणसाला अडीचशे फुटांवर कोण चढवणार? असल्यांसाठी नियम मोडायचे का? आणि नामंजूरचा शिक्का मारला. खिडकी मेहुण्याच्या उजव्या बाजूला होती, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणाला, खरं आहे साहेब, चूक माझीच. मी त्याला लागूनच उभा होतो.

घरी आल्यावर हिने विचारलं, अर्ज का नाकारला? काय कारण लिहिलं होतं?

मी म्हटलं, वैयक्तिक.